लायसन आहे, मग कुठंही नेता येतं? एका छापील अटीचं व्हेरिएबल कसं करायचं

पौष पौर्णिमेच्या आधीचा आठवडा होता. नळदुर्गला मैलारपूरच्या खंडोबाच्या यात्रेची तयारी चाललेली. मी मामांकडे जेवायला गेले होते. मामांचं आडतीचं दुकान, रोख रकमेची ने-आण, त्यामुळे बऱ्याच वर्षांपासून त्यांच्याकडे .३२ बोअरचं लायसनचं रिव्हॉल्वर आहे. यात्रेतल्या गर्दीचा विषय निघाला आणि मामा म्हणाले, "औंदा कमरेला लावूनच जावं म्हणतो. लायसन हाय की, मग कुठं बी न्यावं."

मी म्हटलं, "मामा, जरा लायसनचं पुस्तक बघू."

पुस्तक कपाटातून निघालं. फोटो, शिक्के, नूतनीकरणाच्या तारखा सगळं मामांना पाठ. मागच्या पानावरच्या बारीक अक्षरातल्या अटी मात्र घरात कोणीच वाचलेल्या नव्हत्या. त्यातली एक अट नेमकी यात्रेबद्दलची होती.

माझा विषय संख्याशास्त्र. कायदा शिकलेली नाही. तरीही या विषयावर लिहितेय, कारण सिनॉप्सिस लिहिताना आपण सगळेच एक चूक करतो. कायद्यासारखी गुंतागुंतीची गोष्ट दिसली की आपण तिला "आहे = १, नाही = ०" असा कोड देतो आणि पुढे रिग्रेशन चालवतो. परवानाधारकाने लपवून पिस्तूल कुठे न्यावं, यावर अमेरिकेत गेली जवळजवळ तीस वर्षं जो वाद चालू आहे, त्याचा एक भाग याच शून्य-एकचा आहे. तो समजून घ्यायला मामांचं लायसन फार उपयोगी पडतं.

(हा कायदेशीर सल्ला नाही. ज्यांच्याकडे लायसन आहे त्यांनी स्वतःच्या लायसनवरच्या अटी वाचाव्यात आणि शंका आली तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत विचारावं.)

"बाळगणे" या एका शब्दात पाच प्रश्न

आपल्याकडचा मूळ कायदा म्हणजे शस्त्र अधिनियम, १९५९. त्याचं कलम ३ सांगतं की लायसन असल्याशिवाय बंदूक, पिस्तूल किंवा काडतुसं मिळवता, जवळ ठेवता किंवा सोबत नेता येत नाहीत. मिळवणं, ठेवणं आणि नेणं ही तीन वेगळी क्रियापदं आहेत. बोलताना आपण तिन्हींना "बाळगणे" म्हणतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

"नेणं" या क्रियापदाला मी पाच प्रश्न विचारते.

पहिला, कोण? कलम ९ प्रमाणे वय २१ च्या वर हवं. लायसन देण्याबद्दल कलम १३ आहे. शेतातल्या पिकाच्या किंवा स्वसंरक्षणासाठी लांब नळीची साधी बंदूक मागणं वेगळं आणि रिव्हॉल्वर मागणं वेगळं. रिव्हॉल्वरसाठी अधिकाऱ्याला "सबळ कारण" पटावं लागतं. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीकडे जास्तीत जास्त दोन शस्त्रं असू शकतात, आधी ही मर्यादा तीनची होती. लायसनची मुदतही तीन वर्षांवरून पाच वर्षं झाली.

दुसरा, कुठपर्यंत? लायसनवर वैधतेचं क्षेत्र लिहिलेलं असतं: जिल्हा, राज्य किंवा संपूर्ण भारत. मामांच्या लायसनवर फक्त जिल्हा आहे. नळदुर्गकरांसाठी ही बारीकसारीक गोष्ट नाही. आपला दवाखाना, मोठी खरेदी, रेल्वे, सगळं सोलापूरला. हैदराबाद रस्त्याने ईटकळ मागे टाकून बोरामणीकडे गेलं की जिल्हा बदलतो. उलट्या दिशेने उमरग्याच्या पुढे गेलं की राज्यच बदलतं. गाडीत बसलेल्या माणसाला काहीच फरक जाणवत नाही, पण कंबरेच्या रिव्हॉल्वरचा दर्जा बदलतो. गंमत म्हणजे ही हद्द जुनीच आहे. १८७८ चा ब्रिटिशांचा शस्त्र कायदा सोलापूरला लागू होता, तेव्हा नळदुर्ग निजामाच्या मुलखात होतं.

तिसरा, कोणत्या ठिकाणी, कोणत्या प्रसंगी? याच्याकडे सविस्तर येते.

चौथा, कसं? २०१६ च्या शस्त्र नियमांतला नियम ३२ सांगतो की सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर न्यायचं तर होल्स्टरमध्ये किंवा तशा बॅगेत, पूर्ण झाकलेलं आणि नेणाऱ्याच्या ताब्यात असलं पाहिजे. ते बाहेर काढून मिरवणं किंवा लग्न, मिरवणूक, जत्रा अशा प्रसंगी उडवणं पूर्ण बंद. म्हणजे अमेरिकेत ज्याला "लपवून बाळगणं" म्हणतात आणि ज्यासाठी अनेक राज्यांत वेगळा परवाना लागत आला, ते आपल्याकडे सवलत म्हणून दिलेलं नाही. ती सक्तीची अट आहे. तिथे प्रश्न असतो, "झाकून नेता येईल का?" इथे नियम म्हणतो, "नेणार असाल तर झाकूनच." शब्द एकच, अर्थ उलटा. दोन देशांच्या कायद्यांची तुलना करणाऱ्या तक्त्यात "कन्सील्ड कॅरी" असा एकच स्तंभ केला, तर पहिल्याच दिवशी डेटा चुकला.

पाचवा, कधी? एरवी चालणारी गोष्ट काही दिवशी चालत नाही. तेही पुढे येईल.

यात्रा, मिरवणूक, शाळा

आता मामांच्या पुस्तकातली ती अट. १९६२ च्या नियमांपासून वैयक्तिक लायसनच्या नमुन्यात ती छापलेली आहे. साध्या मराठीत तिचा आशय असा: जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली नसेल, तर हे शस्त्र जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, इतर सार्वजनिक जमावात किंवा शिक्षणसंस्थेच्या आवारात नेता येणार नाही.

मैलारपूरची यात्रा म्हणजे जत्राही आहे, धार्मिक मिरवणूकही आहे आणि जमाव तर आहेच. मामांचा "कुठं बी" तिथेच संपला.

अट मोडली तर काय? कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कागदावर शिक्षा लहान दिसते. पण कलम १७ प्रमाणे अट मोडल्याच्या कारणावरून लायसन निलंबित किंवा रद्द करता येतं, आणि जो माणूस वीस वर्षं रोख रक्कम घेऊन एकटा फिरतोय त्याच्यासाठी खरी शिक्षा ती आहे. हवेत गोळी झाडली तर प्रकरण आणखी वर जातं. २०१९ च्या दुरुस्तीने कलम २५ मध्ये आनंदाच्या भरात केलेला गोळीबार हा वेगळा गुन्हा घातला. सार्वजनिक कार्यक्रम, धार्मिक ठिकाण, लग्न अशा जागी दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असा गोळीबार केला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

आता संशोधकाच्या नजरेने ती अट परत वाचा. चार गोष्टींपैकी फक्त शिक्षणसंस्था ही नकाशावर दाखवता येणारी जागा आहे. जत्रा, मिरवणूक आणि जमाव हे प्रसंग आहेत. मैलारपूरचा परिसर वर्षातले बरेच दिवस शांत असतो. देव काही काळ अणदूरला, काही काळ नळदुर्गला असतो. तोच परिसर पौष पौर्णिमेला माणसांनी भरून जातो. अक्षांश-रेखांश तेच, पण एका दिवशी मनाई लागू आणि दुसऱ्या दिवशी नाही. म्हणून जीआयएस वापरून "बंदी असलेल्या जागांचा नकाशा" करायला बसलात, तर भारतात तो नकाशा अर्धवटच होणार. इथे जागा आणि वेळ अशी जोडी लागते.

कॅलेंडर बघितल्याशिवाय कायदा कळत नाही

वेळेचा प्रश्न आणखी दोन कायद्यांतून येतो.

एक, महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम ३७. सणवार, आंदोलनं किंवा निवडणूक आली की पेपरात बातमी असते, "जिल्ह्यात शस्त्रबंदी व जमावबंदी आदेश लागू". ३७(१) मध्ये शस्त्रं, तलवारी, भाले, बंदुका, काठ्या अशी यादी आहे, आणि ३७(३) जमावाबद्दल आहे. हे आदेश साधारण पंधरा-पंधरा दिवसांचे निघतात. कर्तव्यावर असलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांना सहसा सूट असते, पण खासगी लायसनधारकाने "मला लागू नाही" असं गृहीत धरू नये. आदेशाची प्रत वाचावी.

दोन, निवडणूक. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १३४ब प्रमाणे मतदानाच्या दिवशी, नेमलेले अधिकारी आणि पोलीस सोडून कोणीही मतदान केंद्राच्या परिसरात शस्त्र घेऊन जाऊ शकत नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंत, आणि दोष सिद्ध झाला की लायसन रद्द झाल्याचं मानलं जातं. याशिवाय आचारसंहितेच्या काळात शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करून घेतात. सरसकट सगळ्यांकडून जमा करून घेण्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं होतं. त्यानंतर निवडणूक आयोगाच्या सूचनांप्रमाणे जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांची छाननी समिती प्रत्येक लायसनधारकाचा वेगळा विचार करते: जामिनावर आहे का, गुन्ह्यांची पार्श्वभूमी आहे का, आधी दंगलीत नाव आलं होतं का.

हे सगळं एकत्र केलं की "नळदुर्गच्या लायसनधारकाला हँडगन नेता येते का?" याचं उत्तर "हो" किंवा "नाही" राहत नाही. ते असं होतं: जिल्ह्याच्या हद्दीत, झाकून, यात्रा-मिरवणूक-जमाव-शाळा वगळून, ३७(१) चा आदेश नसताना, आचारसंहितेत जमा करायला सांगितलेलं नसताना, हो.

न्यूयॉर्कमध्ये हाच प्रश्न उलटा

आता "सबळ कारण" या शब्दाकडे परत. न्यूयॉर्क राज्यातही घराबाहेर पिस्तूल लपवून न्यायचा परवाना हवा असेल, तर अर्जदाराला खास कारण दाखवावं लागायचं. आपल्या कलम १३ शी मिळतीजुळती कल्पना. २३ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात ती अट घटनाबाह्य ठरवली. तिथे शस्त्र बाळगणं हा घटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीतला हक्क आहे, त्यामुळे कारण विचारण्याचीच मुभा गेली. आपल्याकडे तसा मूलभूत हक्क नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात, विनापरवाना शस्त्रांची दखल घेताना, अमेरिकेशी असलेला हा फरक नोंदवला.

"कोण" या प्रश्नावरचं नियंत्रण गेल्यावर न्यूयॉर्कने "कुठे" हा प्रश्न हातात घेतला. काही दिवसांतच नवा कायदा आला आणि शाळा, दवाखाने, प्रार्थनास्थळं, सार्वजनिक वाहतूक, टाइम्स स्क्वेअर अशी "संवेदनशील ठिकाणांची" लांबलचक यादी त्यात आली. त्यातल्या कोणत्या ठिकाणी मनाई चालेल, यावर पुढे खटले झाले.

पण ब्रुएन निकालातलाच एक मुद्दा मैलारपूरच्या शेजारी ठेवून बघा. न्यायालयाने म्हटलं होतं की केवळ गर्दी असते आणि पोलीस असतात, एवढ्यावरून अख्खं मॅनहॅटन बेट संवेदनशील ठिकाण ठरवता येणार नाही. म्हणजे तिथे नुसती गर्दी हा पुरेसा निकष नाही. आपल्या छापील अटीत तर गर्दी हाच निकष आहे. एकीकडे हक्क आधी आणि मनाई अपवाद, दुसरीकडे मनाई आधी आणि परवानगी अपवाद. "संवेदनशील ठिकाणांची संख्या" हे व्हेरिएबल घेऊन दोन देशांची तुलना केली, तर भारतातली यादी छोटी दिसेल आणि आपण निष्कर्ष काढू की भारतात कायदा सैल आहे. निष्कर्ष साफ चूक, आणि आकडेमोड मात्र बरोबर!

शून्य-एकने काय घोळ केला

१९९७ मध्ये जॉन लॉट आणि डेव्हिड मस्टर्ड यांचा निबंध आला. १९७७ ते १९९२ ची अमेरिकेतल्या काउंटींची आकडेवारी घेऊन त्यांनी मांडलं की लपवून शस्त्र नेण्याचा परवाना सहज देणारे कायदे आले तिथे हिंसक गुन्हे कमी झाले. त्यावर लॉट यांचं पुस्तकही गाजलं. पद्धत सोपी होती: ज्या वर्षी राज्यात कायदा आला त्या वर्षापासून १, आधी ०, आणि बाकी घटक नियंत्रणात.

टीका दोन बाजूंनी झाली. पहिली: १९८० च्या दशकाच्या शेवटी क्रॅक कोकेनची लाट आली आणि ती मोठ्या शहरांच्या, तेव्हा असे कायदे न केलेल्या राज्यांना जास्त भोवली. तिथे गुन्हे वाढले म्हणून इतर राज्यं चांगली दिसली. श्रेय कायद्याचं की लाटेच्या अभावाचं? दुसरी: कालावधी किंवा नियंत्रक घटक थोडे बदलले की उत्तराचं चिन्हच बदलायचं. २००४ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीने सगळा पुरावा तपासून सांगितलं की या आकडेवारीवरून परिणाम कोणत्या दिशेचा आहे हे ठरवता येत नाही. समितीतल्या एका सदस्याचं मत वेगळं होतं आणि तेही अहवालात छापलं गेलं.

२०१९ मध्ये डोनोह्यू, अनेजा आणि वेबर यांनी सिंथेटिक कंट्रोल पद्धत वापरली. कल्पना अशी: कायदा केलेल्या राज्याला, कायदा न केलेल्या राज्यांच्या ठरावीक प्रमाणातल्या मिश्रणातून एक काल्पनिक जुळं तयार करायचं. कायद्याआधीच्या वर्षांत दोघांचा आलेख जुळला पाहिजे. मग कायद्यानंतर खरं राज्य आणि जुळं यांच्यात किती अंतर पडतं ते बघायचं. त्यांना दहा वर्षांनी हिंसक गुन्हे सुमारे १३ ते १५ टक्के जास्त आढळले. लॉट यांच्या अगदी उलट.

पद्धत सुधारली, तरी कायदा तिथेही बहुतेक "आला/नाही आला" असाच मोजला जातो. एका राज्यात शाळा, दारूची दुकानं आणि स्टेडियम वगळली असतील, दुसऱ्यात काहीच वगळलं नसेल, तरी दोघांना १. "कुठे" हा प्रश्न त्या एकात दबून जातो.

तुम्हाला करता येईल असं छोटं काम

या विषयावर पुढे काम करायचं असेल, तर अमेरिकेच्या डेटापासून सुरुवात करायची गरज नाही. मी असं सुचवेन.

१. आपल्या जिल्ह्याचे एका वर्षाचे ३७(१) चे आदेश गोळा करा. जिल्हा संकेतस्थळ, वर्तमानपत्रं आणि गरज पडली तर माहिती अधिकाराचा अर्ज.

२. प्रत्येक आदेशाची सुरुवात, शेवट, क्षेत्र, कारण आणि सूट एका तक्त्यात भरा. वर्षातले किती दिवस शस्त्रबंदी होती ते मोजा. अपवाद म्हणून काढलेला आदेश जर सलग निघत असेल, तर तो अपवाद राहिला का, हा खरा संशोधन-प्रश्न आहे.

३. लायसनची छापील अट घ्या आणि वीस प्रसंग लिहा: आठवडी बाजार, तुळजापूरच्या देवळातला साधा मंगळवार, लग्नाचं कार्यालय, ग्रामसभा, कॉलेजचं मैदान, नर-मादी धबधबा बघायला किल्ल्यात जमलेले रविवारचे पर्यटक. यातलं "सार्वजनिक जमाव" कोणतं? दोघांनी एकमेकांना न विचारता कोड करा आणि कोहेनचा कप्पा काढा. कप्पा कमी आला तर वाईट वाटून घेऊ नका. अट किती संदिग्ध आहे, हेच तुम्ही मोजलंत.

४. तो आकडा "मर्यादा" या प्रकरणात न लपवता निष्कर्षात लिहा. दोन पदव्युत्तर विद्यार्थ्यांचं जिथे एकमत होत नाही, तिथे बंदोबस्तावरचा हवालदार आणि लायसनधारक यांचं एकमत कसं होणार? त्या संदिग्धतेची किंमत रस्त्यावर कोणीतरी मोजतच असतो.

मी मामांसोबत चार प्रसंग कोड करून बघितले. बाजाराला ते "जमाव नाही" म्हणाले, मी "जमाव" म्हटलं. देवळातल्या मंगळवारी उलटं झालं. शेवटी मामा वैतागले, "मग नेमकं न्यायचं कुठं ते तरी सांग!" मी म्हटलं, "हेच लिहून परवाना शाखेला विचारा." त्यांनी खरंच अर्ज लिहिला. यात्रेला रिव्हॉल्वर घरी कुलपात राहिलं, आणि दुकानाची रक्कम आदल्या दिवशीच बँकेत गेली.